मापाचा दुसरा तळ

माझ्या भावाला भर सभेत घाम फुटावा, ही एकच इच्छा उराशी धरून मी अख्खा हिवाळा काढला. लोक काय काय मागतात. मी उन्हाळा मागत होते, आणि तोही चांगला सणसणीत.

आमचं डुकरांचं फार्म आहे. म्हणजे होतं, आता ते भावाचं आहे. बाबांनी उभं केलं आणि पुढे बाबा आणि मी मिळून चालवलं. दादा तेव्हा ट्रक चालवायचा. कधीमधी यायचा, खुर्चीत बसून फार्म कसं चालवावं यावर आम्हाला चार शब्द ऐकवायचा आणि निघून जायचा. बाळंतघर माझ्याकडे होतं. बाळंतघर म्हणजे व्यायला टेकलेल्या डुकरिणींची शेड, हे नाव बाबांनीच पाडलेलं. कुठली डुकरीण बसताना पिल्लू चिरडते, कुठली पिल्लांना पाजताना कूस बदलत नाही, कुठलीला पोटाखाली खाजवलं की दूध सोडते, हे मला विचारायचं. लग्न झालं तरी मी रोज सकाळी सायकल काढून फार्मवर हजर. नवऱ्याचं वेल्डिंगचं दुकान त्याच रस्त्यावर, त्यामुळे कुणाची काही तक्रार नव्हती.

बाबा गेले तेव्हा डुक्करपालक संघाच्या हॉलमध्ये त्यांच्या आठवणीसाठी सगळे जमले होते. चार माणसं चांगलं बोलली. मग कुणीतरी मूळ मुद्द्यावर आलं. सगळ्यांच्या डुकरिणी उन्हाळ्यात खाणं टाकतात, पिल्लं कमी देतात, पुढे माजावर येत नाहीत. फक्त आमच्याच तेवढ्या टिकून राहायच्या, त्या उन्हाळी मिश्रणामुळे. तर आता ते मिश्रण कोण बनवणार, मुलगी ना, असं त्या माणसानं विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत दादा उठला. "ती? ती घाण काढायची. मिश्रण बाबांचं आणि माझं."

लोक हसले. दुष्टपणानं नाही, पण हसले. मागच्या रांगेत रेडिओआजोबा बसले होते. ते सगळ्यात जुने डुक्करपालक, कानानं अधू, आणि घरी रेडिओ इतका मोठा लावतात की गल्लीला बातम्या फुकट मिळतात. ते म्हणाले, "काय म्हणाला तो? जोरात बोल रे, मागं ऐकू येत नाही."

दादानं पुन्हा सांगितलं, खणखणीत आवाजात. "ती घाण काढायची, आजोबा." आणि लोक दुसऱ्यांदा हसले. बाबांचा फोटो टेबलावर होता. मी त्या फोटोकडे बघत बसले, कारण दुसरीकडे कुठेही बघितलं असतं तर मी तिथल्या तिथे त्याचं थोबाड फोडलं असतं.

दुसऱ्या दिवशी फार्मवर गेले तर तो फाटकातच उभा. आता तुला यायची गरज नाही म्हणाला, माणूस ठेवलाय. मी म्हटलं, बरं, माझे बूट आणि ॲप्रन घेऊन जाते. तो आत गेला आणि एकेक वस्तू बाहेर फेकू लागला. फेकणं हा त्याचा लहानपणापासूनचा स्वभाव. हातात आलेली वस्तू ठेवायची असते हे त्याला कधी कळलंच नाही. आधी बूट आले, मग ॲप्रन, आणि शेवटी खाद्याच्या खोलीतलं ते पत्र्याचं माप.

"हे टमरेल पण घेऊन जा. गंजलंय नुसतं. मी नवं आणलंय, असलंच."

माप माझ्या पायाशी येऊन पडलं. मी वाकून उचललं, आत बघितलं, आणि खरं सांगते, त्या क्षणी माझं रडू जागच्या जागी थांबलं. सायकलच्या हँडलला माप अडकवलं आणि घरी आले.

आता त्या मापाची गोष्ट सांगायलाच हवी. डुकराला घाम येत नाही. ऊन वाढलं की ते धापा टाकतं, आणि धापा टाकून टाकून त्याचं आतलं सगळं तंत्र बिघडतं. डुकरीण खात नाही. खात नाही म्हणून दूध आटतं, दूध आटतं म्हणून पिल्लं खुरटी राहतात, आणि पिल्लं दुधावरून तोडल्यावर ती स्वतः इतकी खंगलेली असते की माजावर यायचं नावच घेत नाही. आलीच तर गाभ धरत नाही, धरलाच तर गाभडते. एक उन्हाळा वाईट गेला की त्याची फळं पुढे हिवाळ्यापर्यंत भोगावी लागतात. यावर बाबांनी आणि मी मिळून एक मिश्रण बसवलं होतं. त्यात ऊन सोसायला मदत करणारी बीटाईनची पूड, जीवनसत्त्वं, थोडं तेल आणि खायचा सोडा. वस्तू सगळ्या बाजारातल्याच, त्यात गुपित काही नाही. खरी मेहनत प्रमाणाची. आम्ही ते एका उन्हाळ्यात ठरवलं नाही. उन्हाळ्यामागून उन्हाळे मी डुकरिणींच्या तोंडासमोर बसून बघत होते, कुठल्या घाण्याला, म्हणजे एका वेळी कालवलेल्या खाद्याला, त्या कुंड चाटून पुसून ठेवतात आणि कुठल्या घाण्याला नाक मुरडतात. सोडा कमी पडला तर उपयोग नाही, जास्त झाला तर खाद्य कडवट लागतं आणि त्या खाद्य सोडून नुसतं पाणी पीत बसतात. शेवटी बसलं: एका घाण्याला एक माप सोडा. बाबा येता-जाता ते पाठ म्हणायचे. दादानंही खुर्चीत बसून तेच ऐकलं होतं.

पण माप कुठलं? त्या मापाचा तळ फार पूर्वी गंजून त्याला भोकं पडली होती. दुसऱ्या कुणी बाहेरून ठिगळ लावलं असतं. आमचे बाबा सरळ काम वाकडं करून करणारे. त्यांनी तेलाच्या डब्याचा पत्रा गोल कापला आणि वरून आत ढकलला. माप खाली निमुळतं, त्यामुळे चकती निम्म्यावर जाऊन अडकली. "बसली की घट्ट," म्हणाले, आणि तिथेच डाग देऊन टाकला. तेव्हा माप मी धरून उभी होते आणि माझा अंगठा भाजला होता. बाहेरून बघाल तर दुकानात मिळतं तसलंच माप. आत मावतं निम्मं. आमचं सगळं प्रमाण त्या निम्म्या मापावर बसवलेलं होतं, आणि दादा दुकानातून अख्खं माप घेऊन आला होता.

म्हणून म्हणते, मी उन्हाळा मागत होते.

मी जनावरांच्या औषधांच्या दुकानात काउंटरवर कामाला लागले. एका बाजूनं बरंच झालं, कारण आख्ख्या परिसरातले डुक्करपालक तिथे येतात आणि औषध घेता घेता पोटातलं सगळं ओकतात. दादा आमचं मिश्रण आता पिशव्यांत भरून विकत होता. पिशवीवर त्याचा फोटो छापलेला, हात बांधून, डुकराशेजारी उभा. ते डुक्कर आमच्या फार्मचं नव्हतं. आमची आत्याबाई असती तर तिनं त्याला तसं उभंच राहू दिलं नसतं.

आत्याबाई म्हणजे फार्मवरची सगळ्यात जुनी डुकरीण. ती जन्मली तेव्हा थंडगार पडली होती, मी तिला ॲप्रनमध्ये गुंडाळून उबेला ठेवली होती. पुढे तीच बाळंतघरात अशी वागायची की जणू बाकीच्या सगळ्या तिच्या भाच्या. माझी सायकल वाजली की उठून उभी राहायची. फार्मवरच्या माणसांपैकी मला तिचीच तेवढी आठवण यायची.

उन्हाळा आला. असा आला की दुकानाच्या शटरला हात लावला तर चटका बसायचा. आणि लगेच काउंटरवर तक्रारी सुरू झाल्या. डुकरिणी खात नाहीत. मिश्रण घातलं तरी खात नाहीत. उलट घातल्यापासून जास्तच खात नाहीत, पाणी मात्र घटाघटा पितात. मी गोळ्यांची पाकिटं मोजत ऐकून घ्यायची, चेहऱ्यावरची माशी हलू द्यायची नाही, आणि आत मला उकळ्या फुटत होत्या.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो कमी बोलतो, आणि बोलतो तेव्हा नेमका माझ्या वर्मावर बोट ठेवतो. "सांगून टाक की," म्हणाला.

"कुणाला?"

"दादाला."

"त्याला? आधी त्याला हॉलमध्ये उभं राहून म्हणू दे, मिश्रण हिचं आहे. जसं ते घाणीचं म्हणाला तसंच, खणखणीत. मग सांगते."

"आणि बाकीच्या लोकांनी काय पाप केलंय? ते हसले म्हणून?"

ते मात्र मला पटलं. हसले ते हसले, पण त्यांची जनावरं हसली नव्हती. मग मी जो येईल त्याला हळूच सांगायला लागले: पिशवी अर्धीच घाला, बीटाईन आणि जीवनसत्त्वं आमच्याकडून घेऊन वरून घाला, आणि खाद्य उन्हं चढायच्या आत नाहीतर उतरल्यावर द्या. सोड्याचा भार निम्मा झाला. डुकरिणी कुंड चाटायला लागल्या. लोक खूश झाले. दुकानाचा मालक तर इतका खूश झाला की मला पंख्याखालची जागा दिली.

फक्त दादाला कुणी काही सांगितलं नाही. मी सांगणार नव्हते, आणि ज्याची पिशवी त्यालाच ती अर्धी घाल म्हणून कोण सांगायला जाईल? त्याच्या फार्मवर रोज अख्खं माप पडत राहिलं.

आता गंमत बघा. लोकांच्या डुकरिणी सुधारल्या आणि श्रेय कुणाला गेलं? पिशवीवरच्या फोटोला. दादा रस्त्यानं टेंभा मिरवत फिरायला लागला. माझ्या मिश्रणानं सगळ्यांचा उन्हाळा तारला, असं सांगायचा. आणि त्याच्या स्वतःच्या बाळंतघरात ओळीनं डुकरिणी रिकाम्या, गाभच नाही. हे मला वहिनीकडून कळलं. ती जंताचं औषध न्यायला आली होती, चेहरा ओढलेला. "वन्सं, आमच्याच का खात नाहीत हो?" म्हणाली. मी म्हटलं, "ऊन फार आहे, वहिनी." ती माझ्याकडे बघत उभी राहिली, मग पिशवी उचलून गेली. वहिनी मला कधी वाईट बोललेली नव्हती. कधी माझी बाजूही घेतली नव्हती, याची मी त्या वेळी स्वतःला आवर्जून आठवण करून दिली.

त्या संध्याकाळी जेवताना नवरा म्हणाला, "आणि आत्याबाईचं काय?"

"ती दणकट आहे," मी म्हटलं. "तिनं असले किती उन्हाळे काढलेत."

"ते उन्हाळे तू होतीस."

मी त्याच्या ताटात भात वाढला आणि विषय बदलला.

शेवटी दादा आला. कुणीतरी त्याच्याजवळ बोलून गेलं होतं की तुझ्या बहिणीनं सांगितलेली युक्ती बरी लागू पडली. तो दुकानात आला नाही, तेवढा शहाणा आहे, घरी आला. नाक मुठीत धरून येईल असं मला वाटलं होतं. तो नाक वर करूनच आला.

"काय लपवून ठेवलंयस तू?"

"काही नाही. बस, पाणी घे."

"मिश्रणात आणखी काय घालायचे बाबा?"

"तुला पाठ आहे ना? एका घाण्याला एक माप सोडा."

"एक मापच घालतो मी."

"कुठलं माप?" मी विचारलं.

त्याच्या डोळ्यांसमोर ते टमरेल हवेतून जाताना मला स्पष्ट दिसलं. मग हात पुढे करून म्हणाला, "ते दे इकडे."

"देते. वहिनीला पाठव उद्या. पण एक ऐक, दादा. संघाची सभा आहे ना येत्या रविवारी? त्या हॉलमध्ये उभा राहा आणि म्हण, की मिश्रण माझ्या बहिणीचं आहे. तेवढं म्हणालास की बाकी जे काय आहे ते मी स्वतः येऊन करून देते. उन्हाळा संपेपर्यंत रोज येईन, म्हणशील तर घाण पण काढीन."

"एवढंच ना? म्हणेन की." तो लगेच हसला. त्याचं ते हसू मी लहानपणापासून ओळखते. माझ्या वाटचा खाऊ खाऊन झाल्यावर तो तसाच हसायचा.

म्हणून मी खबरदारी घेतली. तो गेल्यावर माप घेऊन तडक वेल्डिंगच्या दुकानात गेले. नवऱ्याला म्हटलं, ही आतली चकती काढ, आणि खालच्या भोकांना बाहेरून ठिगळ लाव.

त्यानं माप हातात घेऊन फिरवलं. "म्हणजे माप नेऊनसुद्धा त्याचं तेच राहणार."

"हॉलमध्ये बोलला की चकती त्याच दिवशी परत बसवायची. चार दिवसांचा प्रश्न आहे."

"तो बोलणार नाही हे तुला माहीत आहे."

"मग त्याचं त्यानं भोगावं."

"त्याचं त्यानं भोगलं असतं तर मी काही बोललो नसतो," नवरा म्हणाला, पण त्यानं डाग तापवला. चकती सुटून खाली पडली. एवढीशी चकती, एका बाजूला अजून तेलाच्या कंपनीचा पिवळा रंग. मी ती पदरानं पुसून पर्समध्ये टाकली.

वहिनी माप घेऊन गेली. दादानं काय केलं असेल? दोन्ही मापं शेजारी शेजारी ठेवून एकदा बघितली असती तरी त्याला कळलं असतं की दोन्हींत सारखंच मावतं. पण माझा भाऊ मला ठाऊक आहे. जुनं माप हातात येताच त्यानं नवं उचललं आणि कुंपणापलीकडे भिरकावलं. हे वहिनीनंच मला पुढे सांगितलं.

रविवारी हॉल गच्च भरला होता. पुढच्या वर्षीपासून संघानं एकच उन्हाळी मिश्रण सगळ्यांसाठी मिळून घ्यायचं, असा विषय होता, आणि दादाचं नाव सगळ्यांत वर होतं. पंखे गरागरा फिरत होते तरी लोक पुठ्ठ्यांनी वारा घेत होते. मी दाराजवळ बसले. पर्स मांडीवर.

दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. हातात माप. मुद्दाम दिसेल असं धरलेलं. "हे माझ्या वडिलांचं माप," त्यानं सुरुवात केली, आणि आवाजात असा काही गहिवर आणला की मला स्वतःलाच क्षणभर वाटलं, हा आता बोलणार. "याच मापानं बाबा मोजायचे, याच मापानं मी मोजतो. तुमच्या डुकरिणी यंदा खायला लागल्या त्या याच मिश्रणावर. माझ्या फार्मवर सध्या थोडी साथ आहे, ती निघेल. पण मिश्रण तुमच्यासमोर आहे."

संघाचे अध्यक्ष म्हणजे भला माणूस. त्यांनी विचारलं, "बहिणीचीही काही मदत झाली म्हणतात?"

दादानं माझ्याकडे बघितलं. अगदी सरळ बघितलं, म्हणजे मी बसलेय हे त्याला माहीत नव्हतं असं नाही.

"ती? ती काउंटरवर पुड्या बांधते," तो म्हणाला.

या वेळी फार कुणी हसलं नाही, पण एक-दोघं हसले, आणि मला एक-दोघं पुरेसे होते. मी उठले. रांगांमधून पुढे गेले, त्याच्या हातातलं माप घेतलं आणि टेबलावर ठेवलं. पर्समधून चकती काढली आणि वरून मापात सोडली. ती निम्म्यावर जाऊन खट्‌कन बसली.

"बाबांचं माप हे," मी म्हटलं. "याला दुसरा तळ आहे. बाबांनी आत बसवला तेव्हा मी धरून उभी होते. आमचा सोडा एवढा, निम्मा. हा पठ्ठ्या अख्खं माप घालतोय. तुमच्या पिशव्यांतसुद्धा अख्खंच आहे. तुम्ही पिशवी अर्धी का घालताय, आणि कुणी सांगितलं म्हणून घालताय, ते तुमचं तुम्ही बोला."

मग एकजण म्हणाला, "मला हिनंच सांगितलं, अर्धी घाल म्हणून." दुसरा म्हणाला, मला पण. तिसऱ्यानं तर हात वर केला, शाळेत करतात तसा. पुढच्या रांगेतल्या जनावरांच्या डॉक्टरांनी माप हातात घेऊन आत बोट घालून बघितलं आणि ते पुढे फिरवलं. माप हातोहात मागच्या रांगेपर्यंत गेलं. दादाच्या काखेत शर्ट ओला होत चालला होता. मी ते डोळे भरून बघितलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

"दादा," मी म्हटलं, "मिश्रण कुणाचं?"

तो टेबलाकडे बघत होता. "नंतर बोलू आपण, घरी."

"घरी नाही. तू इथे बोलला होतास. तुझ्या बाळंतघरात किती रिकाम्या आहेत ते मी सांगू, का हे तू सांगतोस?"

"हिचं आहे," तो पुटपुटला.

"काय म्हणाला तो?" मागून रेडिओआजोबांचा आवाज आला. "जोरात बोल रे, मागं ऐकू येत नाही."

आजोबांना मी शिकवलेलं नव्हतं, शपथेवर सांगते. दादानं घसा खाकरला. "मिश्रण हिचं आहे."

"कुणाचं?"

"माझ्या बहिणीचं, आजोबा. मिश्रण माझ्या बहिणीनं बसवलंय." आता त्याचा आवाज हॉलभर गेला. कुणी हसलं नाही. ते हसले असते तर त्याला सोपं गेलं असतं. तो खुर्चीत बसला आणि शर्टाच्या बाहीनं तोंड पुसू लागला.

मी किती दिवस या घटकेची वाट बघितली होती. अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं, लोक टाळ्या वाजवायला लागले, कुणीतरी मला पुढे खुर्ची आणली. मी म्हटलं, बसत नाही, फार्मवर जायचंय. आज उन्हं उतरायच्या आत नवा घाणा लावायचा होता. शब्द दिला होता ना, बोललास की येईन म्हणून. आणि त्याच्याकडे एक गोष्ट मागायचीही मी ठरवून ठेवली होती: आत्याबाईला मी घेऊन जाणार. तिचे आता बाळंतपणाचे दिवस राहिले नाहीत, आमच्या परसात सावलीला पडून राहील, असा हिशोब मी मनात कधीचा करून ठेवला होता. नवऱ्यानं कुंपणासाठी पाईपसुद्धा बाजूला काढून ठेवले होते.

बाहेर नळापाशी वहिनी उभी होती. आत बसवलं नसेल तिला. चेहऱ्यावर पाणी मारत होती, पण नुसतं पाणी नव्हतं ते.

"ऐकलंत?" मी विचारलं.

"ऐकलं, वन्सं. बरं झालं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "हे आधी कळलं असतं तर..."

"मी येतेय आता फार्मवर. आत्याबाईला पण न्यायचंय मला."

वहिनीनं नळ बंद केला. "तिला परवा कसायाच्या गाडीत घातलं," ती म्हणाली. "दोनदा रिकामी राहिली, खाणं तर टाकलंच होतं. यांनी रिकाम्या होत्या त्या सगळ्या पाठवल्या. ती चढेना गाडीत. रस्त्यावर एक सायकल गेली, तर वळून बघत उभी राहिली. मग ढकलून चढवली."

मी नळाचा कठडा धरला. परवा. माप वहिनीकडे गेलं होतं त्यानंतरची गोष्ट. चकती तेव्हा माझ्या पर्समध्ये होती. दुकानात सुट्टे देताना मी तिच्यावरून बोट फिरवत होते, मजेत.

आतून कुणीतरी माप आणून माझ्या हातात दिलं. चकती नुसतीच अडकलेली होती, डाग दिलेला नव्हता, हलवली की खडखडायची. हॉलमध्ये अजून माणसं माझ्याबद्दल बोलत होती, चांगलंच बोलत होती.

वहिनीनं हळूच विचारलं, "हे नेऊ का मी? ज्या राहिल्यात त्यांना संध्याकाळचं घालायचंय."

चकती मी अंगठ्यानं खाली दाबून घट्ट बसवली. किती भरायचं ते तिला बोटानं दाखवलं. मग माप दोन्ही हातांनी धरून तिच्या हातात दिलं, आणि तिच्या मागोमाग फार्मच्या रस्त्याला लागले. सायकल तिथेच भिंतीला टेकून ठेवली. त्या दिवशी मला ती वाजवत फाटकातून आत जायचं नव्हतं.